कीपरला विचारा

मंगळवार, ४

बोलावणं आलं! घाईत लिहितोय, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं उमटतंय, उमटू दे. नंबर एक कीपरचं बोट मोडलं. दुसऱ्याचं बोट मोडल्यावर आनंद होऊ नये हे मलाही कळतं. पण झाला, खोटं कशाला लिहू. इतकी वर्षं त्याच्या मागे राखीव म्हणून उभा आहे, गड्याला कधी साधी सर्दी झाली नाही. आता मी तेहतिशीचा, म्हणजे कीपरच्या गुडघ्यांच्या हिशेबाने साठीचा.

निवड समितीचा फोन तीनदा वाजून गेला म्हणे, माझ्या उशाशीच. मी डाव्या कुशीवर झोपलो होतो, आणि डाव्या कुशीवर झोपलो की कानाशी ढोल बडवले तरी मला जाग येत नाही. दमणूक, दुसरं काय. शेवटी बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनेच घेतला. ती शाळेत शिकवते, त्यामुळे बोलणी वर्गातल्यासारखीच बसली. "अरे, मला चुलीपाशी ऐकू आला, तुझ्या तर कानाखाली वाजत होता!" आणि पुढच्या क्षणी मला मिठी मारून रडायलाच लागली. मग मीही.

आबांना सांगायला गेलो. माझे वडील. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता टीव्ही बघतात, आणि तो इतका मोठ्याने लावतात की शेजाऱ्यांना बातम्यांसाठी स्वतःचा टीव्ही लावावा लागत नाही. "आबा, माझी निवड झाली!" "अं?" "निवड!" "अं?" चौथ्या वेळी कळलं तेव्हा म्हातारा खुर्चीतून उठला आणि माझ्या दोन्ही हातांची बोटं एकेक करून दाबून बघायला लागला. धड आहेत ना याची खात्री.

कानाचं यंत्र घ्या म्हणून त्यांना सांगून सांगून माझा घसा बसला. "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच लोक पुटपुटता," हे एकच पालुपद. माणसाने इतकं हट्टी असू नये.

गुरुवार, ६

संघाचं हॉटेल. गादी फार मऊ, पाठ धरली. झोप लागत नाही, बसवत नाही, उभं राहवत नाही. तीनदा ग्लोव्ह्ज घालून काढले.

आज मीटिंग झाली. कॅप्टन माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण बोलणं तोडून टाकणारं. गेल्या मालिकेत बोलर लोकांच्या नादी लागून संघाने सगळे रिव्ह्यू वाया घालवले होते. अंपायरने नाबाद दिलं की कॅमेऱ्यावर तपासून घेण्याच्या मोजक्याच संधी मिळतात, आणि मागायला काही सेकंदच. म्हणून आता कॅप्टनचा कायदा: "बॅटची कड लागली की नाही हे बोलरला विचारायचं नाही. बोलर म्हणजे मुलीचा बाप, त्याला आपलं स्थळ नेहमीच चांगलं वाटतं. कीपरला विचारायचं. कीपर हो म्हणाला तर रिव्ह्यू, नाही म्हणाला तर विषय संपला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. छाती अशी फुगली की टी-शर्ट आखूड झाला. स्थानिक सामन्यांत मला सगळे 'कुलूप' म्हणतात, मागे काही निसटत नाही म्हणून. इथेही तेच नाव चालू झालं.

खोलीत माझ्या जोडीला भोवरा. एकवीस वर्षांचा लेगस्पिनर, चेंडू भोवऱ्यासारखा फिरवतो म्हणून भोवरा. त्याचाही हा पहिलाच सामना. मला 'दादा' म्हणतो. माझ्या उजव्या हाताला चालत सारखं काहीतरी विचारत असतो. आज जिन्यात काहीतरी विचारलं, मी आपलं "हो, हो" म्हणून पाठीवर थाप मारली, तर गडी एकदम गप्प. जेवलाही नीट नाही. आजकालच्या पोरांना धीर द्यायचा तरी कसा?

शनिवार, ८, सकाळी

टोपी मिळाली. डोक्याला घट्ट आहे. कधीच काढणार नाही.

शनिवार, ८, संध्याकाळी

आधी मैदान भरून वाहत होतं हे लिहितो. आमच्या स्थानिक सामन्यांना प्रेक्षक म्हणजे दोन कुत्री आणि माळी. इथे सगळीकडून नुसता आवाज. पहिला अर्धा तास छान गेला. नंतर जाणवलं की माझं कोणाशी धड बोलणंच होत नाही. कॅप्टन पहिल्या स्लिपमध्ये, म्हणजे माझ्या अगदी उजव्या हाताला, दिवसभर काहीतरी पुटपुटत होता. तोंडावर हात ठेवून बोलायची याची सवय फार वाईट. अर्धं कळतच नाही, सारखी मान वळवावी लागते. गंमत म्हणजे त्यांचा डावखुरा खेळायला आला आणि स्लिप माझ्या डावीकडे गेली, तेव्हा मात्र गडी स्पष्ट बोलायला लागला. माणसाचं काही कळत नाही.

जेवणानंतर भोवऱ्याला चेंडू दिला. समोर ओंडका. म्हणजे त्यांचा तिसऱ्या नंबरचा उजवा फलंदाज, एकदा रुतला की हलत नाही. भोवऱ्याच्या दुसऱ्या षटकात एक चेंडू सुरेख पडला, वळला, ओंडका चकला, चेंडू माझ्या ग्लोव्ह्जमध्ये. आणि भोवरा ओरडत सुटला. अंपायरने मान हलवली. भोवरा गुडघ्यांवर बसला, "दादा! दादा!" कॅप्टन धावत आला. "आवाज आला का?"

मला आला नव्हता. नव्हता तर नव्हता. मी म्हटलं, "नाही."

"नक्की? मला काहीतरी वाटलं."

"नक्की."

कॅप्टनने रिव्ह्यूसाठी उचललेले हात खाली केले. भोवरा माझ्याकडे असा बघत राहिला की मला रागच आला. अरे, पहिलीच विकेट पाहिजे म्हणून काय वाटेल त्याला ओरडायचं? नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हा ओंडक्याचे नऊ झाले होते. दिवस संपला तेव्हा एकशे चार.

रविवार, ९

पेपर वाचायचे नाहीत असं ठरवलं होतं. न्याहारीच्या टेबलावर कोणीतरी उघडाच ठेवला होता. कॅमेऱ्यात कड दिसली आहे. चांगली जाड. आवाजाची रेघसुद्धा उंच उठलेली. फोटोत चेंडू माझ्या हातात आहे, भोवरा हात वर करून उभा आहे, आणि मी, गाढवासारखा, चेंडू झेलून परत फेकायच्या तयारीत. मथळा: 'कुलूप उघडंच'.

पन्नास हजार माणसं बोंबलत असताना कोणाला ऐकू येणार? स्टुडिओत बसून रेघा बघायला काय जातं यांचं?

ओंडक्याने एकशे शहाऐंशी केले. भोवऱ्याला शेवटपर्यंत एकही विकेट नाही. खोलीत आल्यावर तो अंघोळीला गेला आणि कितीतरी वेळ नळ चालू होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "गर्दीत होतं असं." तो "चालतं, दादा" म्हणाला. डोळे लाल होते. साबण गेला असेल.

सोमवार, १०

शून्य. तेसुद्धा एकही चेंडू न खेळता!

मी दुसऱ्या टोकाला. खेळत होता आमचा फास्ट बोलर तोफ. त्याने चेंडू ढकलला, मी पळालो, अर्ध्यावर पोचलो तर तोफ आपल्या जागेवर उभा, हात हलवतोय. परत फिरेपर्यंत बेल्स उडाल्या होत्या. ड्रेसिंग रूममध्ये मी त्याला सरळ म्हटलं, "नको म्हणायला तोंड नव्हतं का?" तो म्हणाला, "तीनदा ओरडलो!" या तोफेचं कुजबुजणंही दोन गल्ल्यांवर ऐकू जातं. ओरडला असता तर मला ऐकू आलं नसतं का? सरळ खोटं बोलतोय. अशी माणसं असल्यावर संघ कसा उभा राहणार?

बसमध्ये कोणीतरी माझ्या नावाने हाक मारली. मी डावीकडे बघितलं तर सगळे हसले. हाक उजवीकडून होती. या बसमध्ये आवाज घुमतो.

मंगळवार, ११

हरलो. चौथ्याच दिवशी. दुसऱ्या डावात मी अकरा. माझ्या पदार्पणाची कहाणी दोन आकड्यांत संपली, एक आकडा शून्य.

सगळ्यांना घरी सोडलं आहे. पुढचा सामना वीस तारखेला, अठराला निवड. सामान भरताना कोच आणि कॅप्टन दाराशी बोलत होते. कॅप्टन माझ्या डाव्या बाजूला होता म्हणून नीट कळलं. मला आणखी एक सामना मिळणार, दुसरा कीपर तयार नाही म्हणून. भोवरा बाहेर. कोच म्हणाला, "मुलगा घाबरलाय. परत स्थानिक खेळू दे दोन-तीन वर्षं."

मला एक सामना आणखी! आनंद व्हायला हवा होता. झाला, थोडा. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे दैवाने परत एकदा दिलं.

शुक्रवार, १४

घरी. घरात फिरतो नुसता. बायको म्हणाली, "एका जागी बस, नाहीतर फरशी झिजेल." पोरगी गळ्यात पडली आणि माझ्या कानात तिचं गुपित सांगितलं. ती नेहमी डाव्या कानाशीच येते. मी लाडाने म्हटलं, "आज या बाजूने सांग." तर म्हणते, "नको बाबा, तिकडून परत परत सांगावं लागतं." पोरांच्या एकेक खोडी.

जेवताना बायकोने काहीतरी मागितलं, मी दिलं नाही म्हणून भडकली. "सगळ्या वर्गाला माझा आवाज जातो, एक तुलाच जात नाही. खाण तशी माती!" मला वाटलं हट्टीपणाबद्दल बोलते आहे. म्हटलं, मी कुठे हट्टी आहे? ती हसायला लागली. त्यात हसण्यासारखं काय?

दुपारी आबांनी खोलीत बोलावलं. टीव्हीवर माझा सामना लावला होता, रेकॉर्ड केलेला, आणि आवाज पूर्ण बंद. आमच्या घरात हे नवलच.

"आवाज का बंद केलात?"

"ते समालोचनवाले तुझ्याबद्दल वाटेल ते बोलत होते. मला नव्हतं ऐकायचं." मग म्हणाले, "बंद केला तेव्हा मला दुसरंच दिसलं. बस इथे."

त्यांनी एकेक चेंडू दाखवला. चेंडू मी नीटच अडवत होतो. ते मलाच बघायला सांगत होते, दोन चेंडूंच्या मधला मी. कॅप्टन काही बोलला की मी अख्खी मान फिरवतो. डोळे नाही, मान. हनुवटी उजव्या खांद्यावर, डावा कान पुढे. दर वेळी. आबांनी टीव्ही थांबवला आणि स्वतः तशीच मान फिरवून दाखवली. तंतोतंत तीच.

"पस्तिशीत माझा उजवा गेला," आबा म्हणाले. "एक बाई घड्याळ घेऊन आली. मी कानाला लावलं. टिकटिक नाही. सांगितलं, बंद आहे, ठेवून जा. उघडून बसलो, चाकं काढली. चालू होतं रे. चांगलं चालणारं घड्याळ मी बंद म्हणून मोडलं. त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत आलो, लोक पुटपुटतात म्हणून."

मी उठून निघून आलो. दार आपटलं. तुमच्यासारखा म्हातारा झालो नाही मी अजून, असंही बोललो बहुतेक. बोललोच.

शनिवार, १५

स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ काढलं. आबांनीच लावलेलं, कधी मागे पडत नाही. सगळे बाहेर गेले होते. डाव्या कानाला लावलं. टिक टिक टिक. उजव्या कानाला लावलं. बंद पडलं. हलवलं, किल्ली दिली, परत उजव्या कानाला. बंद. डाव्याला. चालू.

मी खुर्चीवर बसलो आणि ते घड्याळ सारखं इकडून तिकडे करत राहिलो, यंत्र बिघडलं असेल, मधेच थांबत असेल म्हणून. शेवटी काटा बघितला. सेकंदाचा काटा एकदाही थांबला नव्हता.

म्हणजे तोफ ओरडला होता. तीनदा.

म्हणजे ओंडका बाद होता, झेल माझ्या हातात होता, आणि जगात एकट्या मलाच ते माहीत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घाबरलो आहे. इथे लिहायला लाज कसली, भयंकर घाबरलो आहे.

रविवार, १६

रिकाम्या मैदानात मी ठीक आहे. डावा कान एकटा काम भागवतो. गर्दीचीच अडचण. म्हणजे असं करता येईल: कॅप्टनने विचारलं की फलंदाजाच्या तोंडाकडे बघायचं, बोलरच्या उडीकडे बघायचं आणि अंदाजाने सांगायचं. दहातले सात अंदाज बरोबर येतील. कोणाला कळणार? आबांना कळलं, पण आबा कोणाला सांगणार नाहीत. बायकोलाही सांगितलेलं नाही. एक सामना. एकच तर सामना. चांगला गेला तर पुढचं पुढे बघू. इतकी वर्षं थांबलो आणि आता एका कानासाठी हातचं सोडायचं?

सकाळपासून हेच दहा वेळा ठरवलं. दहा वेळा ठरवावं लागलं.

संध्याकाळी भोवऱ्याचा फोन आला. मी डाव्या कानाला लावला, आता कळतं की नेहमी तिथेच लावतो. कोचने त्याला कळवलं होतं, अठराला ये, पण खेळवणार नाही.

"दादा, एक विचारू? रागावू नका. त्या चेंडूला आवाज नव्हताच ना?"

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"पेपरवाले म्हणतात होता. पण तुम्ही तिथे होतात. मला आला होता, स्पष्ट, टक् असा. पण तुम्हाला नाही आला म्हणजे माझेच कान वाजले असणार. तेव्हापासून मला काही खरंच वाटत नाही, दादा. हातातून चेंडू सुटला की कसा पडणार ते मला आधी कळायचं. आता कळत नाही." मग म्हणाला, "आणि तुम्ही तर आधीच बजावलं होतं."

"मी? काय?"

"हॉटेलच्या जिन्यात. मी विचारलं होतं, पहिल्या सामन्यात चाललो नाही तर आपलं संपलं का? तुम्ही हो, हो म्हणालात."

फोन बंद झाला तरी मी तो डाव्या कानाला धरून बसलो. मला ऐकूच आलं नव्हतं रे बाळा, काय विचारलंस ते.

सोमवार, १७

बायकोला सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. येऊन माझ्या डाव्या बाजूला बसली. "मी तीन वर्षं याच बाजूला बसते," म्हणाली. "मला वाटायचं तुला कळतंय आणि तू बोलत नाहीस." घरातल्या पोरीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ज्याचा कान, तोच कोरा.

"उद्या काय करणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

मंगळवार, १८

परत संघाचं हॉटेल. निवडीच्या आधी कॅप्टनच्या खोलीत गेलो. तो बूट घासत होता. मी सांगितलं, "तो बाद होता."

"माहीत आहे मला. कॅमेऱ्यात बघितलं. होतं असं, कुलूप. सोड."

"होत नाही असं. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही."

तो हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. बूट खाली ठेवला. माझ्या उजव्या बाजूला येऊन काहीतरी बोलला. मी समोर बघत उभा. त्याचे ओठ हलले होते हे मला आरशात दिसलं, शब्द नाही. तो फिरून पुढे आला.

"किती दिवस?"

"मला कळून चार दिवस. बाकीच्यांना तीन वर्षं."

तो खूप चिडला. चिडायलाच हवं होतं. "मी नियम तुझ्यावर बांधला! अख्ख्या संघाने तुझ्या शब्दावर हात खाली केले. आणि तू नक्की म्हणालास. मी दोनदा विचारलं, तू नक्की म्हणालास!"

"तेव्हा मला नक्कीच वाटत होतं."

"हे तू मला सांगितलं नसतंस तर परवा तूच खेळला असतास," तो म्हणाला. "मग कशाला सांगतोस?"

"पोराला काढू नका. त्याची विकेट मी खाल्ली. तो म्हणतोय माझे कान वाजले. त्याचे कान चांगले आहेत, माझे गेलेत. एवढं त्याला तुम्ही सांगा. माझ्यावर आता तो विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये."

कॅप्टनने बूट उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाला, "त्याला तू सांग. कोचशी मी भांडतो. कीपर दुसरा बोलवावा लागेल, कळतंय ना तुला?"

कळत होतं. म्हटलं, कळतंय. आवाज नीट निघाला. मग टोपी काढून हातात घेतली.

भोवऱ्याला जिन्यातच गाठलं. सगळं सांगितलं, जिन्यातल्या प्रश्नासकट. तो कठड्याला धरून खाली बसला. मला वाटलं शिव्या घालेल. म्हणाला, "म्हणजे टक् झालं होतं?"

"झालं होतं."

"म्हणजे मी बरोबर होतो?"

"शंभर टक्के."

तो एकदा हसला आणि मग गुडघ्यांत तोंड घालून ढसाढसा रडला. मी पायरीवर त्याच्या शेजारी बसून राहिलो.

बुधवार, १९

संघाच्या डॉक्टरांनी तपासलं. उजवा जवळजवळ गेलाय, डावा शाबूत. "वडिलांना आहे का?" पहिलाच प्रश्न. यंत्राने, कदाचित ऑपरेशनने फरक पडेल. परत खेळता येईल का, ते आज नाही सांगता येणार. नवीन कीपर दुपारी पोचला, लाजरा मुलगा आहे. त्याला मी माझे जुने आतले ग्लोव्ह्ज दिले, गादीदार आहेत. चांगुलपणा वगैरे काही नाही, द्यायचे नव्हते, दिले.

कॅप्टनच्या भांडणामुळे भोवरा संघात राहिला. मला कॅप्टनने विचारलं, घरी जातोस की थांबतोस? बारावा गडी म्हणून पाणी न्यायला माणूस लागतो. थांबतो म्हटलं.

आबांना फोन केला. बायको मधे बसून ओरडून सांगत होती. आबांनी फोन स्वतःकडे घेतला. "यंत्र घेणार असशील तर मीही घेतो," म्हणाले. "पण आधी तू." माफी मागायची राहिलीच. दाराचं कसं बोलायचं ते सुचेना.

शुक्रवार, २१

दुसरा दिवस. कालपासून सीमारेषेबाहेर खुर्चीवर बसलोय, पायात पाण्याच्या बाटल्या. बसवत नाही. प्रत्येक चेंडूला मांड्या आपोआप आवळतात, हात जुळतात. शेजारी बसलेला तोफ, त्याला या सामन्यात विश्रांती, म्हणाला, "तू इथूनच कीपिंग करतोयस." त्याची मी कालच माफी मागितली. म्हणाला, "चल, आता तरी चारदा ओरडेन."

चहाच्या आधी भोवऱ्याला चेंडू. समोर परत ओंडका, सत्तावीसवर. भोवऱ्याची पहिली दोन षटकं वाईट, चेंडू आखूड. मी खुर्चीची कड धरून बसलो. तिसऱ्या षटकात एक पडला, वळला आणि बॅटजवळून जाताना किंचित, अगदी नखभर, वाट बदलून कीपरच्या हातात गेला. इतक्या लांबून टाचणीएवढाही आवाज येणं शक्य नाही, दोन धड कान असलेल्यालाही नाही. पण मी उभा राहिलो होतो. बाटल्या आडव्या झाल्या.

अंपायरने मान हलवली. कॅप्टनने नव्या कीपरकडे बघितलं. त्या लाजऱ्या मुलाने खांदे उडवले. सेकंद चालले होते. मग कॅप्टनने स्वतःचाच कायदा मोडला. तो बोलरकडे गेला आणि त्याला विचारलं.

भोवऱ्याने ओरडा केला नाही, उडी मारली नाही. नुसती मान हलवली. हो.

कॅप्टनने हातांची खूण केली. मोठ्या पडद्यावर रेघ आधी सपाट चालली आणि मग टुणकन उठली. सगळं मैदान उठलं. एवढ्या गोंगाटात मला फक्त डावीकडून गर्जना ऐकू येत होती, अर्धीच. अर्धीही पुष्कळ होती. मी रडत होतो आणि तोफ माझ्या पाठीत गुद्दे घालत होता.

पाणी घेऊन आत पळालो. सगळे भोवऱ्याला घेरून होते. त्याने मला बघितलं, घोळक्यातून बाहेर आला. सरळ माझ्यासमोर आला, थबकला, मग मला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला गेला आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "दादा, आवाज आला का?"

मी म्हटलं, "नाही. पण मला दिसला."